देवाने बिडी मागितली आणि आमचं नाटक अडलं

अंजनीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदा आली.

आमचं गाव एरंडोल तालुक्यात. चैत्रात यात्रा असते, बारागाड्या ओढतात, रात्री तमाशा असतो आणि दुसऱ्या रात्री गावातल्या पोरांची एकांकिका. एकांकिकेची प्रथा तीनच वर्षांची. यंदाची माझ्या पुतण्याने लिहिली. तो जळगावला कॉलेजात आहे, स्पर्धांमधून कामं करतो.

गोष्ट थोडक्यात अशी: पारावरच्या देवाचं नाव रेशनच्या यादीतून कटतं. (देवाचं नाव नाटकात घेतलेलं नाही, नुसता 'पारावरचा'.) तो बिचारा रेशन दुकानापुढे रांगेत उभा राहतो. मशीनवर अंगठा उमटत नाही, कारण इतकी वर्षं तेल-शेंदूर लागून रेघाच गेल्यात. मग तो स्वतःच्याच देवळात जातो, तर तिथे पास मागतात. रांगेत थंडी वाजते म्हणून तो शेजारच्या म्हाताऱ्याकडे बिडी मागतो.

घोळ इथे झाला. तालमीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कोणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला. त्यात पुढचं-मागचं काही नाही, फक्त "बिडी हाय का?" एवढंच. भजनी मंडळाचे आबा रात्री घरी आले. "तुना पोऱ्यानी देवले बिडी पाजी" म्हणाले आणि चहा न घेता गेले. आमच्या दारातून आबा चहा न घेता गेल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून दोन फोन आले, भाषा बरी नव्हती. यात्रा कमिटी म्हणते, बिडी काढा नाहीतर स्टेज नाही. पुतण्या म्हणतो, एक शब्दही काढणार नाही.

यात्रेला अकरा दिवस आहेत. तुम्ही काय केलं असतं?

शेवभाजी

पहिला आणि महत्त्वाचा प्रश्न. बिडी पेटलेली की विझलेली?

अंजनीकाठ

पेटतच नाही हो. म्हातारा देतो, पण काडेपेटी दमट असते. सात काड्या ओढतात दोघं मिळून. तोच तर विनोद आहे.

शेवभाजी

म्हणजे देव धूम्रपान करत नाही. आरोग्य खात्याने बक्षीस द्यायला हवं.

केळीचा घड

थट्टा पुरे. मी रावेरचा, आमच्याकडेही यात्रा होते. मला प्रामाणिकपणे वाटतं की बिडी काढावी. एका बिडीने नाटक मरत असेल तर ते आधीच मेलेलं होतं. गावात राहायचंय, उद्या त्याच लोकांच्या खांद्यावर जायचंय. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक तिकीट काढून येतो. यात्रेत लोक देवाला आलेले असतात आणि तुम्ही त्यांच्यासमोर नाटक ठेवता. न आवडल्यास उठून जायची सोय तिथे नसते, म्हातारी माणसं पोरासोरांसकट बसलेली असतात.

पांझराकाठचा

घडभाऊंचा मुद्दा टाकाऊ नाही, पण थोडा इतिहास.

पुराणातली पात्रं स्टेजवर आणून आजचं बोलायचं, ही आपल्या नाटकाची जुनी खोड. खाडिलकरांचा 'कीचकवध' १९०७ चा. कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि इंग्रजांनी १९१० मध्ये बंदी घातली. धर्माचा तिथे प्रश्नच नव्हता. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झाला आणि १९ प्रयोगांनंतर खुद्द संस्थेनेच तो थांबवला. नाना फडणवीस आणि ब्राह्मण समाज यांची बदनामी, असा आक्षेप होता. मग नटमंडळी बाहेर पडली, नवी संस्था काढली आणि तेच नाटक पुढे परदेशात गाजलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकात साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरची हरकत होती. दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर केलं की हा डाग सेन्सॉरमुळे निळा आहे, प्रेक्षकांनी लाल समजावा. झालं! जो डाग कुणाच्या लक्षातही आला नसता तो प्रत्येकाने डोळे फाडून पाहिला.

तुमच्या पुतण्याला सांगा, बिडीच्या जागी निंबाची काडी द्यावी आणि सुरुवातीला माइकवर सांगावं: कमिटीच्या विनंतीवरून ही काडी आहे, कृपया बिडी समजावी.

शेवभाजी

पांझराकाठचे, साष्टांग.

हरिपाठ

मी कीर्तन करतो. पूर्णवेळ नाही, शिक्षक आहे, पण बावीस वर्षं करतोय. या धाग्यावर माझं मत कुणाला आवडणार नाही हे माहीत असून लिहितो.

आता कोणीतरी येईल आणि म्हणेल की जनाबाईने विठ्ठलाला चोर म्हटलं, गळ्यात दोर बांधला. तुकोबांनी तर माझ्यालेखी देव मेला असं म्हणून टाकलं. नाथांच्या भारुडातली सून सासरा-सासू उचलून ने म्हणून देवीला साकडं घालते. हे सगळं खरं आहे आणि मी कीर्तनात सांगतो, लोक पोट धरून हसतात. पण जनाबाईने जन्म दळण-कांडणात आणि नामात घालवला. ते भांडण घरातलं आहे. रोज ज्याच्याशी बोलतो त्याच्यावरच माणूस रुसतो. वर्षभर देवळाची पायरी न चढणाऱ्याने यात्रेच्या दिवशी येऊन देवाला बिडी मागायला लावायची, याला मी भांडण म्हणणार नाही. ती पाहुण्याची खोडी आहे.

धमकीचे फोन करणाऱ्यांचा मी नाही. आबांसारख्यांचा आहे. आबांना काय वाटलं असेल ते इथे किती जणांना कळलं?

बहिणाई_नात

हरिपाठजी, लिहिलंत ते बरं केलंत. पण घरातला कोण आणि पाहुणा कोण हे ठरवणार कोण? जनाबाईलाही तिच्या काळात कोणी भक्तीचा दाखला दिला नव्हता. दासीच होती ती.

आणि एक वेगळंच. यात्रेत आदल्या रात्री तमाशा असतो ना? गवळणीत कृष्ण वाट अडवतो, पेंद्या अचकट विचकट बोलतो, मावशी त्याहून वरचढ. मी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून हे पाहिलंय. देव तोच, यात्रा तीच, सुपारीचे पैसे देवळाच्याच वर्गणीतले. त्यावर भावना दुखावल्याचं ऐकलं नाही. मला मात्र मोठी झाल्यावर त्यातले काही विनोद ऐकवत नाहीत, कारण अंगावर येणारा प्रत्येक शब्द बाईवर असतो. माझ्या भावना कोण मोजणार? तरी बंद करा असं मी म्हणत नाही. उठून जाते, बस.

तापीपुत्र

गवळण हल्ली असतेच कुठे! गण उरकतात, गवळण पाच मिनिटांत, मग थेट हिंदी गाणी. पोरं खुर्च्यांवर उभी. माझ्या वडिलांनी रात्रभर वग पाहिलेत, सकाळी तसेच औताला गेले. आता बारा वाजता पोलीस येतात. देव राहू द्या, आधी तमाशा वाचवा.

सातपुडी

मी धडगावकडचा, भिलोरी बोलणारा. तुमचा धागा वाचून हसू येतंय, राग मानू नका.

आमच्याकडे पूजेत देवाला मोहाची धार दिल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आधी देवाला, मग माणसाला. तो आमच्यात बसतो, आमच्यासारखाच पितो. सोंगाड्या पार्टीत सोंग आणणारा सावकाराचं आणतो, फॉरेस्टवाल्याचं आणतो, कोणाचंही. मग शाळेत गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, देवाला दारू देणं पाप. आमच्या देवाचा अपमान आम्हाला बाहेरून शिकवला गेला. त्यामुळे "देवाला बिडी" यात नक्की कोणत्या देवाचा अपमान होतो ते मला खरंच कळत नाही. पारावरचा म्हणताय, म्हणजे शेंदूर फासलेला दगड ना? तो मूळचा आमच्यातलाच असणार. त्याला बिडी चालत असेल.

हरिपाठ

सातपुडीभाऊ, यावर माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो.

काळा_कोट

वकील आहे, धुळ्याला प्रॅक्टिस. कायद्याचं थोडं सांगते.

एक, महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. सिनेमाला सेन्सॉर आहे म्हणून सगळे ओरडतात, पण नाटकाला अशी पूर्वपरवानगी लागते हे नाटकवाल्यांबाहेर फार कमी लोकांना माहीत असतं. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. गावच्या यात्रेत हे कागद कोणी पाहत नाही, पण ज्या दिवशी वाद होतो त्या दिवशी पहिली विचारणा याचीच. लाउडस्पीकरची परवानगीही वेगळी काढा.

दोन, धार्मिक भावनांचं कलम. जुन्या दंड संहितेतलं २९५-अ, १९२७ मध्ये आलेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत. नुसत्या भावना दुखावल्या एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. पण सिद्ध होणं शेवटी असतं. अटक, जामीन, कोर्टाच्या चकरा आधी. पोरांची परीक्षा त्यातच जाते.

तीन, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन निकालात स्पष्ट सांगितलंय की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे वाकून अभिव्यक्ती दाबता येत नाही, बंदोबस्त हे सरकारचं काम. २०१९ मध्ये पश्चिम बंगालात एक सिनेमा आडून आडून थिएटरांतून उतरवला, तेव्हा न्यायालयाने राज्य सरकारला २० लाखांची भरपाई द्यायला लावली. निकाल असे आहेत. आता यातला कोणता निकाल तुमच्या ठाण्याच्या हवालदाराला अकरा दिवसांत समजावणार?

अमळनेरी

काळा कोट ताईंच्या दुसऱ्या मुद्द्यावरून आठवलं. फेब्रुवारी २०२४. आमच्याकडे साहित्य संमेलन होतं, पलीकडे विद्रोही साहित्य संमेलनही. गावभर मांडव, पुस्तकं, सगळीकडे साने गुरुजी. मी स्वयंसेवक होतो, पहिल्या दिवशी पाय दुखून आले होते. रात्री फोन उघडला तर बातमी: पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवर होता. दुसऱ्या दिवशी कळलं की विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. मांडवात दिवसभर यावर कुजबुज होती, माइकवर काय झालं ते ज्याने त्याने आठवावं.

सीतेचं काम करणारा नट विंगेत सिगारेट ओढतो, हे रामलीला पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्या चौकातला रावण माझ्याच दुकानातून उधारीवर तंबाखू न्यायचा.

सत्यवचन

सगळं ठीक. पण हे लोक फक्त आमच्याच देवांवर का लिहितात? दुसऱ्या धर्माबद्दल करून दाखवा. तिथे हातभर फाटते.

मिडलँड्सचा शिरपूरकर

सत्यवचन, हा प्रश्न दर धाग्यावर येतो, म्हणून यंदा उत्तर देतो. मी मूळ शिरपूरचा, वीस वर्षांहून जास्त बर्मिंगहॅमला.

डिसेंबर २००४ मध्ये इथल्या मोठ्या थिएटरात 'बेझ्ती' नावाचं नाटक लागलं होतं. लिहिणारी बाई स्वतः शीख. त्यात गुरुद्वाराच्या आत बलात्कार होतो असं दाखवलं होतं. समाजाच्या मंडळींनी आधी बैठका घेतल्या. म्हणणं असं की नाटक करा, फक्त गुरुद्वाराच्या जागी समाजाचं सभागृह दाखवा. थिएटर आणि लेखिकेने नकार दिला. १८ तारखेला बाहेर जमाव जमला, काचा फुटल्या, २० तारखेला प्रयोग रद्द. लेखिकेला धमक्या आल्या, लपून राहावं लागलं. माझा शेजारी शीख, ट्रकवाला, देवमाणूस. त्याला विचारलं, तू पाहिलंस का? "नाही. पण गुरुग्रंथसाहेब जिथे आहे तिथे हे दाखवायचं नाही." मी म्हटलं, खऱ्या आयुष्यात घडलं तर? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तर मग बाहेर का सांगायचं?"

त्या 'बाहेर'पाशी मी अजून अडकलोय.

१९८६ मध्ये केरळात येशूवरच्या मल्याळी नाटकावर बंदी आली, चर्चच्या विरोधामुळे. तेव्हा 'फक्त आमच्यावर' हा हिशेब जुळत नाही. जो ज्या घरातला, तो त्याच घरावर लिहितो. तेच बरंही.

सत्यवचन

केरळचं माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

ठाणे_व्हाया_भुसावळ

मला यातली गंमत थोडी कमी वाटते. ४ जून २००८ ला ठाण्यात गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये बॉम्ब फुटला होता. आत 'आम्ही पाचपुते' होतं, महाभारतावरचं विनोदी नाटक. सात जण जखमी झाले. मी त्या भागात राहायला नुकताच आलो होतो. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, नाटकाला जाऊ नका काही दिवस. साधं वाक्य, पण पटकन ऐकलं मी. नंतर वर्षभर गेलो नाही.

अंजनीकाठ, तालुक्याहून आलेले फोन कोणाचे होते याची नोंद ठेवा. आबांचा राग आणि तो फोन एकाच पिशवीत घालू नका. घडभाऊ, तुम्हीही.

केळीचा घड

मान्य. आबा वेगळे.

वांगी_भरीत

अवांतर: एरंडोलकडे चैत्रात हिरवी मोठी वांगी मिळतात का हो अजून? आमच्याकडे संपली.

शेवभाजी

भरिताची वांगी थंडीतली. चैत्रात भरीत खाणाऱ्याच्या विरोधात माझ्या भावना दुखावल्या आहेत.

अंजनीकाठ

चार दिवसांनी येतोय, माफ करा. बरंच घडलं.

काळा कोट ताई, तुमचं पुतण्याला वाचून दाखवलं. परिनिरीक्षण मंडळाचं नाव ऐकून त्याचा चेहरा पडला, कागद अर्थातच नव्हते. पण 'गिधाडे'च्या किश्श्यावर तो उसळला आणि चक्क बिडी काढायला तयार झाला. आम्ही दोघं कमिटीकडे गेलो. म्हटलं, घ्या, बिडी काढली, निंबाची काडी ठेवली.

कमिटीतले एक जण म्हणाले, बरं केलं, आता तेवढा मापाचा प्रवेशही काढा.

मापाचा प्रवेश मी वर सांगितला नव्हता. रेशन दुकानदार पाच किलोला साडेचार मोजतो आणि देवाला म्हणतो, "अर्धा किलो तुझ्याच अभिषेकाला जातो रे." त्यात देवाचा काय अपमान, असं पुतण्याने विचारलं. उत्तर आलं, तो प्रवेश लांबतो.

जे बोलले त्यांचं स्वतःचं रेशन दुकान आहे. जास्त लिहीत नाही.

बहिणाई_नात

अगं बाई.

पांझराकाठचा

आता खरं नाटक सुरू झालं. बिडी सात काड्यांत पेटली नाही, ही इथे पेटली.

हरिपाठ

अंजनीकाठ, एक विनंती. आता सगळे म्हणतील की भावना वगैरे बहाणा होता, आतून रेशनचं माप होतं. कमिटीतल्या त्या एकाचं तसं असेल. आबांचं तसं नाही. त्यांना मापाच्या प्रवेशाबद्दल माहीतही नसेल. त्यांनी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिला आणि त्यांचं पोट ढवळलं. एका लबाडामुळे त्यांना खोटं ठरवू नका. आणि पुतण्याला सांगा, आबांना पूर्ण नाटक वाचून दाखव. व्हिडिओ पाहून रागावलेत, त्यांना संहिता तरी ऐकू द्या. आम्ही कीर्तनात आख्यान अर्ध्यावर सोडत नाही.

सातपुडीभाऊंच्या प्रश्नावर अजून विचार चालू आहे.

सातपुडी

घाई नाही महाराज. देव तिथेच आहे.

काळा_कोट

कमिटीचं स्टेज नको असेल तर खासगी जागेत करा, जागामालकाचं लेखी संमतीपत्र घ्या, ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. पोच महत्त्वाची. संहिता मंडळाकडे आजच पाठवा, उशीर झाला तरी पाठवल्याचा पुरावा राहील. उशीर भोवू शकतो, हेही सांगून ठेवते.

अंजनीकाठ

शेवटचं लिहितो, मग धागा तुमचा.

पुतण्या आबांकडे गेला. मी बाहेर ओट्यावर. तो वाचत होता, आबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मध्ये एकदा अडकित्ता थांबला, मला वाटलं उठतात. उठले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, बिडी नको. बाकी तुमचं तुम्ही बघा.

बिडी काढली. मापाचा प्रवेश ठेवला. कमिटीने स्टेज दिलं नाही. आमच्या चुलत्यांच्या खळ्यात केलं, ताडपत्री टाकून. मंडळाचं उत्तर आलं नव्हतं, ठाण्याची पोच मात्र होती. तालुक्याहून कोणी आलं नाही. दोन पोलीस आले, एक शेवटपर्यंत हसत होता, दुसरा फोनवर. देवाचं काम करणाऱ्या पोराच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून त्याच्या आईने दोन दिवस आधी त्याला नाटकातून काढून घेतला. ऐनवेळी पुतण्याच देव झाला आणि वाक्यं विसरला. माणसं जेमतेम दीडशे, यात्रेतल्या तमाशाला हजारावर होती. निंबाच्या काडीवर हशा पडला, पांझराकाठचे, पण माइकवरची घोषणा केली नाही. आबा पुढेच बसले होते.

नाटकाचा शेवट जरा उघडा ठेवलाय. देव पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो आणि अंधार. माणसं उठली, ताडपत्री गोळा करायला लागलो, तर आबा काठी टेकत पुतण्यापाशी आले. म्हणाले, "मंग देवले रेशन भेटनं का नही?"

शेवभाजी

भेटनं का पण?

अंजनीकाठ

नाही. अंगठाच उमटत नाही ना.